विश्लेषण : खोक्यावर ‘४के’, ‘एचडीआर’, ‘अ‍ॅटमॉस’, घरी मात्र चित्र फिके, संवाद पुसट… असे का होते?

दसरा-दिवाळीच्या खरेदीत मोठ्या पडद्याचे टीव्ही आणि साउंडबार यांना मागणी असते. खोक्यावर एका ओळीत ‘४के, एचडीआर१०, १२० हर्ट्झ, डॉल्बी अ‍ॅटमॉस, १००० वॅट’ असे शब्द छापलेले असतात. रोखीने किंवा हप्त्यांवर बरीच रक्कम मोजून ग्राहक ते घरी आणतो. घरी मात्र रात्रीच्या दृश्यात काहीच दिसत नाही, पात्रांचे बोलणे ऐकण्यासाठी आवाज वाढवावा लागतो आणि हाणामारी सुरू झाली की शेजारी येण्याआधी तो घाईने कमी करावा लागतो. यात खोक्यावरचा प्रत्येक शब्द खोटा असतो असे नाही. तो शब्द नेमके कशाचे आश्वासन देतो आणि कशाचे देत नाही, हे ठाऊक नसल्याने पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च होतात. होम थिएटरच्या परिभाषेतील नेहमीच्या शब्दांचा हा उलगडा.

‘सपोर्ट’ आणि ‘नेटिव्ह’ यांत फरक काय?

सर्वप्रथम समजून घ्यावा असा शब्द म्हणजे ‘सपोर्ट’. ‘४के सपोर्ट’ याचा अर्थ त्या उपकरणाला ४के दर्जाचा सिग्नल घेता येतो, इतकाच. तो सिग्नल तितक्याच बारकाव्यांसह पडद्यावर उमटेल, अशी हमी त्यात नाही. उपकरण प्रत्यक्षात किती ठिपके दाखवू शकते, हे ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या आकड्यावरून कळते.

स्वस्त प्रोजेक्टरमध्ये हा फरक सर्वाधिक जाणवतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४के सपोर्ट’ असते आणि तपशिलाच्या तक्त्यात बारीक अक्षरांत नेटिव्ह रिझोल्यूशन १२८० × ७२० असते. हे साधारण ९ लाख २१ हजार ठिपके झाले. ४के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. म्हणजे मूळ चित्रातील नऊ ठिपक्यांची माहिती एका ठिपक्यात कोंबली जाते. प्रोजेक्टरच्या उजेडाचेही तसेच आहे. ‘ल्युमेन’चा नुसता आकडा कसा मोजला हे कळत नाही, ठरलेल्या पद्धतीने मोजलेला आकडा ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ या नावाने दिलेला असतो. तुलना करायची तर त्याचीच करावी.

‘सपोर्ट’चा हा नियम पुढच्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला लागू आहे. चित्रपट डोळ्यांपर्यंत आणि कानांपर्यंत पोहोचण्यासाठी ओटीटीचा प्लॅन, इंटरनेट, अ‍ॅप, केबल, टीव्ही आणि स्पीकर अशी साखळी असते. त्यातील सर्वांत कमकुवत कडी जितके देईल, तितकेच शेवटी मिळते.

एचडी रेडी, फुल एचडी, ४के… डोळ्यांना फरक कळतो का?

‘एचडी रेडी’ टीव्हीचा पडदा सहसा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा असतो. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, साधारण २० लाख ७४ हजार ठिपके. घरगुती ४के अर्थात ‘अल्ट्रा एचडी’ म्हणजे ३८४० × २१६०, म्हणजेच फुल एचडीच्या चौपट. आडव्या ओळीत जवळपास चार हजार ठिपके, म्हणून ‘४के’. चित्रपटगृहातील ४के थोडे रुंद, ४०९६ × २१६० असते. ८के मध्ये ठिपके ३ कोटी ३१ लाखांच्या घरात जातात.

१०८० या आकड्यापुढे कधी ‘पी’ असते, कधी ‘आय’. ‘पी’मध्ये प्रत्येक चित्र पूर्ण येते. ‘आय’मध्ये चित्राच्या विषम आणि सम ओळी आळीपाळीने येतात आणि टीव्ही त्या जुळवतो. भारतातील एचडी वाहिन्या साधारणपणे १०८०आय स्वरूपात येतात. त्यामुळे ४के टीव्हीवर मालिका किंवा सामना पाहताना उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरत असतो. या प्रक्रियेला ‘अपस्केलिंग’ म्हणतात. चांगल्या आणि सुमार टीव्हीतला फरक इथे लगेच दिसतो.

फरक कळण्यासाठी बसण्याचे अंतरही महत्त्वाचे. निरोगी डोळा साधारणपणे एक अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. या हिशोबाने ५५ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके सुमारे सात फुटांपलीकडून वेगळे ओळखू येत नाहीत. सोफा दहा-अकरा फुटांवर असेल, तर त्याच आकारात फुल एचडीऐवजी ४के घेऊन ठिपक्यांच्या संख्येचा लाभ फारसा दिसणार नाही. मोठा पडदा घेणे किंवा सोफा पुढे ओढणे, याने अधिक फरक पडेल. घरगुती पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापावा, असा एक रूढ ठोकताळा आहे. ५५ इंची टीव्हीसाठी हे अंतर साडेसात फुटांच्या आसपास येते.

प्लॅन ४केचा, तरी चित्र धूसर का?

रिझोल्यूशन ठिपक्यांची संख्या सांगते. त्या ठिपक्यांसाठी दर सेकंदाला किती माहिती पाठवली जाते, हे ‘बिटरेट’ सांगतो. तिन्ही रंगांची पूर्ण माहिती धरली, तर ४के चित्रपटाला सेकंदाला जवळपास सहाशे कोटी बिट लागतील. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला दीड कोटी बिटचा वेग सुचवते. चारशेपट माहिती अशी दडपून बसवण्याचे काम ‘कोडेक’ करतो. २००३ मधील एच.२६४, २०१३ मधील एचईव्हीसी अर्थात एच.२६५ आणि २०१८ मधील एव्ही१ ही त्याची प्रचलित रूपे. नवा कोडेक कमी माहितीत तेवढाच दर्जा देतो. पण तो उलगडण्याची क्षमता टीव्हीच्या चिपमध्ये असावी लागते.

माहिती कमी पडली की सर्वप्रथम धुके, धूर, पाणी आणि अंधार बिघडतो. आकाशात रंगांचे पट्टे दिसतात, काळ्या भागात चौकटी उमटतात. २०१६ मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कला १२८ एमबीपीएसपर्यंतचा वेग मिळतो. त्यामुळे डिस्कवरील ४के आणि ओटीटीवरील ४के यांचे ठिपके सारखे असले, तरी चित्र सारखे नसते.

मोबाइलवरून टीव्हीवर पाहणाऱ्यांनी ‘कास्ट’ आणि ‘मिररिंग’ यांत गल्लत करू नये. कास्ट केल्यावर फोन फक्त सूचना देतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून चित्र घेतो. मिररिंगमध्ये फोनचा पडदा पुन्हा एकदा दडपून वायफायवरून पाठवला जातो, त्यामुळे दर्जा घसरतो. ओटीटीचे स्वस्त प्लॅनही तपासावेत. नेटफ्लिक्सच्या भारतातील मोबाइल प्लॅनवर टीव्ही चालत नाही आणि ४के फक्त सर्वांत वरच्या प्लॅनमध्ये मिळते. शिवाय ‘वाइडव्हाइन एल१’ हे सुरक्षा प्रमाणपत्र नसलेल्या फोनला, टीव्ही बॉक्सला किंवा प्रोजेक्टरला अनेक अ‍ॅप एचडी दर्जाच देत नाहीत.

एचडीआर लावले की चित्र उलट अंधारते, ते कशामुळे?

एचडीआर म्हणजे ‘हाय डायनॅमिक रेंज’. दिव्याचा प्रखर झोत आणि त्याच्या शेजारची गडद सावली, दोन्ही एकाच चित्रात तपशिलासह दिसावीत, हा त्यामागचा हेतू. पडद्याची उजळता ‘निट’ या एककात मोजतात. नेहमीचे चित्र १०० निट गृहीत धरून तयार केले जाते. एचडीआर चित्रपट तयार करताना मात्र लख्ख भागांसाठी १००० निट किंवा त्याहून अधिक उजळता वापरली जाते.

आता ३०० निटचा टीव्ही एचडीआर ‘सपोर्ट’ करतो तेव्हा काय होते? त्याला सिग्नल समजतो, पण १००० निटचा झोत त्याच्याकडे नाही. मग तो साऱ्या चित्राची उजळता आपल्या आवाक्यात बसेल अशी दाबतो. याला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. दिव्याचा झोत सांभाळताना बाकीचे दृश्य काळवंडते. दुपारी, पडदे उघड्या असलेल्या दिवाणखान्यात तर ते दिसेनासे होते. अशा टीव्हीवर साधे चित्र एचडीआरपेक्षा बरे वाटू शकते. तुलनेसाठी एक मापदंड उपयोगी आहे. ‘यूएचडी अलायन्स’ या उद्योगसंघटनेने २०१६ मध्ये प्रीमियम दर्जासाठी किमान १००० निट उजळता, किंवा अतिशय गडद काळा रंग दाखवणाऱ्या पडद्यासाठी किमान ५४० निट, अशी अट ठेवली होती.

एचडीआरचे प्रकारही अनेक आहेत. ‘एचडीआर१०’ हा २०१५ पासूनचा पायाभूत प्रकार. त्यात उजळतेची सूचना संपूर्ण चित्रपटासाठी एकदाच दिलेली असते. ‘डॉल्बी व्हिजन’ आणि ‘एचडीआर१०+’ यांत ती दृश्यागणिक बदलू शकते, त्यामुळे मध्यम क्षमतेच्या टीव्हीलाही चित्र नीट बेतता येते. ‘एचएलजी’ हा प्रकार बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने दूरचित्रवाणी प्रसारणासाठी विकसित केला. याच्या जोडीला ‘१०-बिट’ हा शब्द येतो. ८-बिट पडदा प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाख रंग दाखवतो. १०-बिटमध्ये १०२४ छटा आणि १०७ कोटी रंग होतात. मावळतीच्या आकाशातील पट्टे त्याने कमी होतात.

एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी… नावे सारखी, तंत्रे कोणती?

‘एलईडी टीव्ही’ हा खरे तर एलसीडी टीव्हीच. द्रवस्फटिकांचा पडदा स्वतः उजेड देत नाही. मागे एलईडी दिवे असतात, म्हणून हे नाव. पडदा मागचा उजेड पूर्ण अडवू शकत नसल्याने काळा रंग राखाडी दिसतो. ‘क्यूएलईडी’मध्येही हाच पडदा असतो, फक्त दिवे आणि पडदा यांच्या मध्ये क्वांटम डॉट म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. त्याने रंग अधिक शुद्ध होतात. याच कणांच्या शोधासाठी मोंजी बावेंडी, लुईस ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रंग सुधारले तरी काळा रंग मात्र या थराने सुधारत नाही.

तो सुधारण्यासाठी ‘लोकल डिमिंग’ लागते. त्यात मागचे दिवे गटागटाने मंद करता येतात. या गटांना ‘झोन’ म्हणतात. ‘मिनी एलईडी’मध्ये दिवे बारीक असल्याने झोनची संख्या शेकड्यांत किंवा हजारांत जाऊ शकते. झोन मोजके असतील, तर काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांभोवती उजेडाचे वलय दिसते. ‘ओएलईडी’मध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. मात्र दिवसभर एकच वृत्तवाहिनी चालणाऱ्या घरात खालच्या पट्टीची आणि बोधचिन्हाची छाप पडद्यावर कायमची राहण्याचा धोका ओएलईडीत असतो. याला ‘बर्न-इन’ म्हणतात.

चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत का दिसतो?

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने तयार होतो. टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, तो त्याचा ‘रिफ्रेश रेट’, एकक हर्ट्झ. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा दाखवावे लागते. कॅमेरा संथपणे फिरताना त्यामुळे हलका झटका जाणवतो. काही ६० हर्ट्झ टीव्ही ही अडचण हुशारीने हाताळतात; १२० ला तर २४ ने पूर्ण भाग जातो. मात्र खोक्यावर ‘मोशन रेट १२०’ किंवा तसेच एखादे नाव असेल, तर पडदा ६० हर्ट्झचा असू शकतो. विचारायचे ते ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’.

‘मोशन स्मूदिंग’ ही सोय दोन चित्रांच्या मध्ये बनावट चित्रे घालून हालचाल सलग करते. क्रिकेटला ती बरी वाटते, पण चित्रपट स्टुडिओत चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसू लागतो. अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वेरी यांनी डिसेंबर २०१८ मध्ये चित्रफीत काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याचे आवाहन केले होते. पुढच्या वर्षी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. एका बटणावर असे सारे संस्कार बंद होतात आणि चित्र दिग्दर्शकाने ठरवले त्याच्या जवळ जाते. वर-खाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्या हा मात्र दोष नव्हे. अनेक चित्रपट २.३९:१ प्रमाणात असतात आणि टीव्ही १६:९ प्रमाणात. म्हणून पडद्याच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा काळा राहतो. ‘झूम’ करून तो भरल्यास बाजूचे चित्र कापले जाते.

५.१, ५.१.२ आणि अ‍ॅटमॉस म्हणजे काय?

पहिला आकडा कानाच्या पातळीवरील स्पीकरचा. ५ म्हणजे समोर डावा, मधला व उजवा आणि प्रेक्षकाच्या डाव्या-उजव्या बाजूंना किंचित मागे दोन ‘सराउंड’. ‘.१’ म्हणजे केवळ खालच्या पट्टीतील घुमारा देणारा स्वतंत्र प्रवाह. तो ‘सबवूफर’कडे जातो. तिसरा आकडा डोक्यावरून येणाऱ्या ध्वनीच्या स्पीकरचा. त्यामुळे ५.१.२ मध्ये वरचे दोन स्पीकर असतात.

डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटासोबत आले आणि २०१४ मध्ये घरगुती उपकरणांत पोहोचले. आधीच्या पद्धतीत प्रत्येक ध्वनी कोणत्या स्पीकरमधून येणार हे ठरलेले असे. अ‍ॅटमॉसमध्ये हेलिकॉप्टरचा आवाज खोलीत कुठे असावा, याची सूचना ध्वनीसोबत येते आणि उपलब्ध स्पीकरनुसार तो तिथून आल्यासारखा वाटेल अशी योजना उपकरण करते. इथे पुन्हा ‘सपोर्ट’चा प्रश्न येतो. वर एकही स्पीकर नसलेल्या २.१ साउंडबारवरही अ‍ॅटमॉसचे चिन्ह असू शकते. तो सिग्नल उलगडतो आणि कानांना भास होईल अशी प्रक्रिया करतो. याला ‘व्हर्च्युअल’ म्हणतात. ‘अप-फायरिंग’ प्रकारात स्पीकरचे तोंड वर असते आणि आवाज छतावरून परावर्तित होतो. त्यासाठी छत सपाट, कठीण आणि साधारण साडेसात ते बारा फूट उंचीचे असावे लागते. पायऱ्या-पायऱ्यांचे पीओपी आणि मध्येच फिरता पंखा असेल, तर परिणाम विस्कटतो. फोनवरून ब्लूटूथने जोडल्यावर तर साउंडबारला साधारणपणे दोनच चॅनेलचा, म्हणजे स्टिरिओ ध्वनी मिळतो; मग तो कितीही महाग असो.

संवाद ऐकू का येत नाहीत?

चित्रपटात बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे ‘सेंटर’ चॅनेलमध्ये असतात. तो स्पीकरच नसेल, तर पाच-सहा प्रवाह टीव्हीच्या दोन लहान स्पीकरमध्ये एकत्र होतात आणि पार्श्वसंगीत संवादावर चढते. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असल्याने आणखी भर पडते. कुजबुज आणि स्फोट यांतील अंतर म्हणजे ‘डायनॅमिक रेंज’. चित्रपटगृहासाठी ते मोठे ठेवलेले असते. सेटिंगमधील ‘नाइट मोड’ हे अंतर कमी करतो. फक्त टीव्हीचेच स्पीकर वापरणाऱ्यांनी अ‍ॅपमध्ये पर्याय असल्यास ५.१ ऐवजी स्टिरिओ ध्वनी निवडून पाहावा. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचांच्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांची मांडणी यांनी संवाद स्वच्छ होतात.

ओठ आणि आवाज जुळत नसतील, तर त्याला ‘लिप सिंक’चा दोष म्हणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला, तर तो प्रेक्षकाला जाणवू लागतो. टीव्ही किंवा साउंडबारमधील ‘ऑडिओ डिले’ने तो दुरुस्त करता येतो.

‘१००० वॅट’ कुठून येतात?

‘पीएमपीओ’ हा आकडा क्षणार्धापुरत्या, कल्पित परिस्थितीतील कमाल शक्तीचा असतो आणि तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. ‘आरएमएस’ सतत देता येणारी शक्ती सांगतो. तोही किती चॅनेल एकाच वेळी चालू ठेवून आणि आवाज किती फाटेपर्यंत मोजला, यावर अवलंबून असतो. अमेरिकेत ग्राहकांची अशी फसगत टाळण्यासाठी १९७४ मध्येच अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटच्या जाहिरातींवर नियम करावा लागला.

दुकानात करता येईल अशी एक सोपी तपासणी आहे. सबवूफरच्या किंवा साउंडबारच्या मागच्या पट्टीवर वीजवापर लिहिलेला असतो. तिथे ६० वॅट असतील, तर पुढचे ५०० वॅट सतत मिळणे शक्य नाही; भिंतीतून जितकी वीज घेतली त्याहून जास्त शक्ती बाहेर येत नाही. वॅट दुप्पट झाले म्हणून आवाजही दुप्पट होत नाही. त्याने केवळ ३ डेसिबलची वाढ होते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून ८० आणि १०० वॅटमधील फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एचडीएमआय, एआरसी, ईएआरसी : कोणती वायर कुठे?

टीव्हीच्या मागे एचडीएमआयची तीन-चार छिद्रे असतात, पण ती सारखी नसतात. साउंडबार जोडायचा तो ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या जागी. २००९ मधील एचडीएमआय १.४ पासून आलेल्या एआरसीमुळे त्याच वायरमधून आवाज टीव्हीकडून साउंडबारकडे उलट जाऊ शकतो. ओटीटीवरील अ‍ॅटमॉस ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ या दडपलेल्या स्वरूपात येते आणि ते एआरसीतून जाऊ शकते. ब्लू-रेवरील ‘ट्रूएचडी’ हे काहीही न गमावणारे स्वरूप टीव्हीमार्फत साउंडबारकडे न्यायचे, तर ईएआरसी लागते. जुन्या ‘ऑप्टिकल’ वायरमधून फार तर ५.१ जाते, अ‍ॅटमॉस नाही. साउंडबारवर अ‍ॅटमॉसची खूण उमटत नसेल, तर बहुतेकदा वायर चुकीच्या छिद्रात असते किंवा टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेले असते. तिथे ‘पास थ्रू’ किंवा ‘ऑटो’ निवडावे.

‘एचडीएमआय २.१’ या शब्दालाही ‘सपोर्ट’चाच नियम लागू होतो. २०१७ मधील या आवृत्तीची कमाल क्षमता ४८ जीबीपीएस असली, तरी तिच्यातील बहुतेक सुविधा ऐच्छिक आहेत. गेमिंग कन्सोल घेणाऱ्यांनी ‘१२० हर्ट्झला ४के’ आणि ‘व्हीआरआर’ या सोयी नावाने विचाराव्यात. केबलवर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ची अधिकृत खूण असली की पुरे. डिजिटल सिग्नल नीट पोहोचत असेल, तर सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग केबलने रंग वाढत नाहीत.

खरेदीच्या वेळी काय विचारावे?

दुकानातील टीव्ही ‘स्टोअर मोड’वर, डोळे दिपवणाऱ्या उजळतेत ठेवलेला असतो आणि त्यावर खास तयार केलेली झगझगीत फीत चालते. विक्रेत्याला ‘होम मोड’ आणि ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ पर्याय लावायला सांगावे. मग रात्रीचे दृश्य आणि नेहमीची वाहिनी पाहावी. प्रश्न पाचच पुरेसे आहेत : नेटिव्ह रिझोल्यूशन किती, नेटिव्ह रिफ्रेश रेट किती, उजळता किती निट, लोकल डिमिंग आहे का आणि असल्यास किती झोन, ईएआरसी आहे का. साउंडबारसाठी सेंटर स्पीकर वेगळा आहे का, वरचे स्पीकर खरे आहेत की व्हर्च्युअल आणि आरएमएस किती, हे विचारावे. उत्तर ‘सपोर्ट करतो’ असे आले, तर तोच प्रश्न ‘दाखवतो किती?’ असा फिरवून पुन्हा विचारावा.

अंदाजपत्रक ठरलेले असेल, तर ५५ इंची ‘सर्व काही सपोर्ट’ करणाऱ्या टीव्हीपेक्षा थोडा लहान, पण उजळ पडद्याचा टीव्ही आणि सेंटर स्पीकर असलेला साधा ३.१ साउंडबार रोजच्या वापरात अधिक समाधान देऊ शकतो. एकाच मालिकेतील वेगवेगळ्या आकारांच्या टीव्हींत पडदे निराळे असू शकतात. म्हणून मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरासह उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासावा, बिलावरही तोच पूर्ण लिहून घ्यावा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चित्रपट रात्री, दिवे मंद करून पूर्ण पाहावा.